तीन-वीसचा वारा

दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला गाडी उभी राहिली तेव्हा आदितीनं समोरच्या लाल दिव्यावरची नजर न काढता विचारलं, "आण्णा, रविवारी होडीवर येता का? सौंदर्याचं मनगट मुरगळलंय. मला दुसरा माणूस पाहिजे." तेवढ्यात सिग्नल सुटला, मागच्या रिक्षानं हॉर्न वाजवला, तिनं गिअर टाकला आणि गाडी गर्दीत शिरली. बापूसो मगदूम तिच्या शेजारी डाव्या सीटवर बसले होते. छातीवर पट्टा, मांडीवर भाजीची पिशवी आणि उजवा पाय पुढच्या रबरी मॅटवर घट्ट रोवलेला. एकतीस वर्षं एसटी चालवून ते चार महिन्यांपूर्वी निवृत्त झाले होते, आणि तेव्हापासून दुसरं कुणी गाडी चालवत असलं की हा पाय आपोआप ब्रेक शोधायचा. आदिती एरवी हसून म्हणायची, आण्णा, तिथं ब्रेक न्हाय. आज त्यांचं पायाकडं लक्षही नव्हतं. पोरीनं आपल्याला काहीतरी विचारलं, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. सांगितलं नव्हतं. विचारलं होतं.

नऊ वर्षं तिनं त्यांना काही विचारलं नव्हतं. भांडण म्हणावं तर कधी झालं नाही. ती सकाळी चहा द्यायची, त्यांच्या बीपीच्या गोळ्या आणायची, मोबाइल अडला की सरळ करून द्यायची. पण तिच्या तोंडची सगळी वाक्यं पूर्ण होऊनच बाहेर यायची. जाते. येते. उशीर होईल. पुण्याला मुलाखत आहे परवा. गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत नोकरी लागली. रविवारी धरणावर शिडाच्या होड्यांच्या क्लबला जाते. शेवटी ठसठशीत टिंब, आणि त्या टिंबाच्या पलीकडं बापूसो उभे. नऊ वर्षांपूर्वी, ती एकोणीस वर्षांची असताना, कॉलेजच्या छात्रसेनेतून शिडाच्या होड्यांच्या शिबिराला तिची निवड झाली होती. सहा आठवडे, खुल्या समुद्रावर. फारमवर पालकांची सही पाहिजे होती. तिनं ते फारम जेवणाच्या वेळी त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं आणि विचारलं, "आण्णा, करता का सही?" करतो की, म्हणाले ते. ताट बाजूला सारून त्यांनी फारमची घडी घातली, आतल्या खोलीत गेले, पेन उघडून परत मिटलं, आणि ती घडी खाकी कपड्यांच्या ट्रंकेत सगळ्यात खाली ठेवून दिली. तारीख निघून जाईपर्यंत ती तिथंच होती. तिनं दोनदा आठवण केली, दोन्ही वेळा ते म्हणाले, करतो की. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. नाही म्हणाले असते तर पोरगी रडली असती, भांडली असती, आणि कदाचित त्यातून काही मोकळं झालं असतं. त्यांनी नाही म्हणायचंसुद्धा धाडस केलं नव्हतं.

घरी आले तेव्हा त्यांची बायको त्रिशला वांगी निवडत बसली होती. बापूसोंनी तिला सांगितलं तशी ती हातातलं वांगं फिरवून बघत म्हणाली, "मग जावा की." "मला होडीतलं काय कळतंय?" ते म्हणाले. "तिला होडीतलं कळणारं माणूस पाहिजे व्हय? तसली दहा असतील तिथं." एवढं बोलून तिनं किडकं वांगं बाजूला टाकलं. बापूसो पलंगावर जाऊन पडले. समोरच्या भिंतीवर एकतीस वर्षांच्या विनाअपघात सेवेचं मानपत्र होतं, त्याच्या काचेत खिडकी दिसत होती. सत्काराच्या दिवशी शाल, नारळ झाल्यावर कुणीतरी त्यांच्या हातात माइक दिला होता. समोर बघून गाडी चालवली, एवढं एकच वाक्य बोलून ते खाली बसले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. खरं होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. करूळ घाटाच्या प्रत्येक वळणावर, रोज, त्यांना गाडी दरीत जाताना दिसायची. आधी पुढचं चाक कठड्याच्या दगडावर चढायचं, मग काचेत नुसतं आभाळ, मग मागून माणसांचा आवाज. हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून जायचं तेव्हा हात शांतपणे स्टिअरिंग फिरवत असायचे आणि मागं कोकणातल्या बायका फणसाच्या पिशव्या पायात धरून निवांत झोपलेल्या असायच्या. आपण बघतोय म्हणून ह्या झोपल्यात, असं त्यांना वाटायचं. हळूहळू त्यांची खात्रीच होत गेली की गाडी आपण चालवत नाही, आपली भीती चालवते. ती आहे तोवर चाक रस्त्यावर आहे. मग अशी कामाची चीज घरी आल्यावर खुंटीला कशी टांगून ठेवणार? ती घरातही वावरायची. आदितीच्या सायकलला, तिच्या सहलींना, विहिरीच्या पोहण्याला, सगळ्याला त्या भीतीचा हात लागलेला होता. पाण्यावर पोरगी एकटी, आणि वाऱ्याच्या जिवावर चालणारी फळकुटाची होडी. फारमवर सही करायला पेन उघडलं तेव्हा त्यांना काचेत नुसतं आभाळ दिसलं होतं.

रविवारी सकाळी ते तयार होऊन सोप्यात बसले तेव्हा आदितीनं त्यांच्याकडं बघितलं. आत जाऊन ती त्यांच्यासाठी एक जादा टॉवेल घेऊन आली.

फुलेवाडी सुटली, बालिंग्याचा पूल गेला. कळे गावापासून पुढं रस्ता त्यांच्या अंगात मुरलेला होता. इथं डावीकडून उसाच्या बैलगाड्या येतात, इथं शाळा सुटते, इथं पावसाळ्यात झाड पडतं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. मार्च महिना होता. उसाचे फड बरेचसे मोकळे झाले होते, आणि असळजच्या पुढं डोंगरांवर वाळलेलं गवत उन्हात पिवळं चमकत होतं. घाटमाथ्याच्या अलीकडं मुख्य रस्ता सोडून आदितीनं गाडी आत घातली. डोंगराच्या कुशीत धरणाचं पाणी पसरलेलं होतं, आणि काठावर पाच होड्या पाठ वर करून पालथ्या पडल्या होत्या. एवढ्याशा. बापूसोंनी मनात धरलं होतं त्याच्या निम्म्यानंसुद्धा नव्हत्या. क्लबचा सगळा व्याप बघणारे गुरुसिद्ध म्हणून गडहिंग्लजकडचे एक साठीचे गृहस्थ होते, त्यांनी येऊन नारिंगी जाकीट बापूसोंच्या अंगात घातलं, पट्टे स्वतः आवळले आणि दोन बोटं खांद्याखाली घालून वर ओढून बघितलं. "पावणं, पोहायला येतंय?" "विहिरीत शिकलोय. आमचं गाव उदगाव, जयसिंगपुराजवळ." "बेस झालं. तरी हे काढायचं न्हाई हां. पोहणारीच माणसं काढत्यात हे," गुरुसिद्ध म्हणाले, आणि पुढच्या होडीकडं गेले.

आदितीनं होडी पाण्यात लोटली, डोलकाठी उभी केली, शीड चढवलं. मोठं शीड आणि पुढं एक लहान तिकोनी शीड. मोठ्याची दोरी आणि सुकाणूचा दांडा तिच्याकडं, लहान शिडाची दोरी त्यांच्याकडं. ती सांगत होती आणि ते ऐकत होते, नवीन गाडी ताब्यात घेताना ऐकायचे तसे, एकेक वस्तू हातानं चाचपत. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "ब्रेक कुठाय?"

"हीच की," आदितीनं त्यांच्या हातातल्या दोरीला बोट लावलं. "वारा जास्त झाला, होडी कलायला लागली की सोडायची."

"ओढायची."

"सोडायची आण्णा. शिडात वारा भरलाय म्हणून होडी पळतीय. दोरी सैल सोडली की शीड फडफडतं, वारा निघून जातो, होडी सरळ होते. म्हणून दोरी कुठं बांधून ठेवायची नाही कधी. हातातच पाहिजे. मी त्याच वेळी नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्याच्या तोंडाकडं वळवणार. पण तुम्ही पुढचं शीड धरून ठेवलंत तर ती वळतच नाही. मग आपण गेलो."

बापूसोंनी दोरीकडं बघितलं. पिवळी, करंगळीएवढी जाड. एकतीस वर्षं संकट दिसलं की काहीतरी घट्ट दाबायचं, घट्ट धरायचं. अंगाला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. त्यांनी मुठीत दोरी धरली आणि सोडून बघितली. परत धरली. बोटं उघडताना त्यांना ती आपली वाटली नाहीत.

"आता पहिल्यांदा उलटूया," आदिती म्हणाली. त्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ती म्हणाली, "इथं पाणी छातीएवढंच आहे. उलटल्यावर काय करायचं हे ज्याला माहीत नाही त्याला मी वाऱ्यात नेत नाही. सौंदर्यालाही नेलं नव्हतं." "मी एकतीस वर्षांत एकदा बी गाडी उलटवली न्हाय," बापूसो म्हणाले. "म्हणूनच," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. ती कामाच्या माणसाच्या आवाजात बोलत होती, तिच्या फौंड्रीत कुणाला तरी साचा कसा उघडायचा सांगावं तशी. मग तिनं शिडाची दोरी खेचून धरली आणि दोघं ज्या बाजूला होडी झुकत होती त्याच बाजूला सरकले.

होडी कलली. आधी सावकाश. बापूसोंच्या डोळ्यांसमोर पांढरं शीड खाली येऊ लागलं आणि वरच्या बाजूला आभाळ आलं, नुसतं आभाळ, आणि त्यांना वाटलं, आलं. हजारो वेळा बघितलेलं आलं. आता मागून आवाज येईल. तेवढ्यात पाणी अंगावर आलं, वरचं कोमट आणि खालचं गार, कानात गच्च शांतता भरली, हिरवट उजेडात त्यांना स्वतःचे दोन्ही हात दिसले, आणि जाकिटानं त्यांना बगलेत धरून वर आणलं. एवढंच. हे सगळं व्हायला एक जांभई द्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नव्हता. होडी समोर कुशीवर पडलेली होती, डोहात बसलेल्या म्हशीसारखी, आणि तिच्यापलीकडून केस कपाळाला चिकटलेली आदिती डोकं काढून बघत होती. "बरं हाय का आण्णा?" बापूसोंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यातून हसू बाहेर पडलं. त्यांना ते थांबवता येईना. पोटातून, जाकिटाच्या खालून ते येत होतं, नाकातोंडात पाणी जात होतं, आणि काठावरचे लोक बघायला लागले होते. भिऊन भिऊन जिचा एवढा डोंगर केला ती गोष्ट ही. एवढीशी. ती होऊन गेली होती आणि ते होते, त्यांचे पाय तळातल्या चिखलात रुतले होते, आणि चिखल बोटांमधून वर येत होता, लहानपणी यायचा तसा. आदितीही हसायला लागली. कशाला हसतोय हे तिला कळलं नसावं, पण ती हसत होती. मग तिनं शिकवलं: होडी सोडून कधीही काठाकडं पोहत सुटायचं नाही, ती बुडत नाही, तिला धरून राहायचं. होडीच्या बुडातून पाण्यात जाणारी मधली फळी उलटल्यावर आडवी बाहेर आलेली असते, तिच्यावर चढायचं, होडीचा काठ धरून सगळं वजन मागं टाकायचं. बापूसो फळीवर उभे राहिले, मागं रेलले, आणि डोलकाठी पाणी निथळत सावकाश वर आली. त्यांनी आणखी दोनदा होडी उलटवायला लावली. तिसऱ्यांदा आदिती म्हणाली, "बास आता, जेवूया."

काठावर शेरणीच्या झाडाखाली त्यांनी त्रिशलाचा डबा उघडला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही, आणि वर गेल्या आठवड्यात जयसिंगपूरहून आलेला भडंग. ओल्या कपड्यांनिशी बसून भाकरी मोडताना बापूसोंना फार भूक लागली होती. इतकी भूक कामावर असतानाही लागल्याचं त्यांना आठवेना. कामावर असताना ते जेवायचे ते घाटाच्या आधी किंवा घाटाच्या नंतर. अन्नाला आपली चव अशी नसायची, होऊन गेलेल्या किंवा यायच्या घाटाची असायची.

अडीच वाजता पाचही होड्या पाण्यात उतरल्या. शर्यत म्हणायची, पण घरगुती. पाण्यात तीन ठिकाणी नारिंगी पिंपं नांगरून ठेवली होती, त्यांना वळसा घालून परत यायचं. गुरुसिद्ध मोटारीची रबरी होडी घेऊन मागं राहणार होते, कुणाला काही झालं तर. वारा बेताचा होता. पहिल्या पिंपापर्यंत बापूसो दोरी ओढत, सोडत, आदिती सांगेल तिकडं सरकत गेले, आणि हळूहळू तिनं सांगायच्या आधीच त्यांचं अंग सरकू लागलं. होडी डाव्या अंगाला दबली की बुडाखाली कळायचं. रस्ता जसा सीटमधून कळायचा तसंच. ते मनातल्या मनात खूश झाले. पहिलं पिंप मागं गेलं. आदितीनं पाण्याकडं बोट दाखवलं. "काळपट पट्टा सरकत येताना दिसला की समजायचं झोत आला." बापूसोंनी मान हलवली, पण त्यांची नजर पाण्यावर नव्हती. ती पश्चिमेला, डोंगराच्या माथ्यावर गेली होती. तिथं, आभाळाला लागून, वाळलेल्या गवताचा काठ एका बाजूला झोपला होता. उठत नव्हता. वर दोन घारी होत्या, मघापासून गोल फिरत होत्या, त्या आता एका जागी पंख धरून अडकल्यासारख्या थांबल्या होत्या.

"आदिती, किती वाजलं?"

"तीन दहा. का?"

"शीड बारीक कर."

तिनं वर बघितलं, पाण्याकडं बघितलं. पाणी साधं होतं. बाकीच्या होड्या भरल्या शिडानं पुढं चालल्या होत्या, एक तर त्यांना मागं टाकून गेली होती. "आत्ता थांबलो तर शेवटचे येणार आपण," ती म्हणाली.

"येऊ दे की. तीन-वीसला येतोय त्यो वारा. कोकणातनं चढून येतोय. माझी मालवण गाडी घाट चढून वर यायला आणि त्यो यायला रोज एकच गाठ पडायची. शेवटच्या वळणावर बगलेत असा धक्का मारायचा की पाठीमागची सामानाची जाळी वाजायची. उन्हाळ्यात एक दिवस चुकला न्हाय."

आदितीनं एकदा डोंगराकडं बघितलं. मग म्हणाली, "नक्की?" त्यांच्या उत्तरावर काही ठरणार होतं असा हा त्या आठवड्यातला तिचा दुसरा प्रश्न होता. "नक्की," बापूसो म्हणाले. तिनं लगेच दांडा लोटला, नाळ वाऱ्याच्या तोंडाला घातली, दोन्ही शिडं सैल झाली आणि फडफडत राहिली. होडी जागच्या जागी डुलू लागली. मोठं शीड हातभर खाली घेऊन त्याचा खालचा भाग आडव्या काठीला बांधायचा होता, सहा ठिकाणी, सहा गाठी. तीन तिच्याकडं, तीन त्यांच्याकडं. दोघांची डोकी जवळजवळ आली होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. शिडाच्या कापडाला उन्हाचा वास येत होता. पहिली गाठ मारून झाल्यावर बापूसो गाठीकडंच बघत म्हणाले, "त्ये फारम मी ठेवून घेतलतं."

"माहीत आहे," आदिती म्हणाली. "ट्रंकेत. मी बघितलं होतं."

त्यांचे हात थांबले. "कवा?"

"तारखेच्या आधी चार दिवस. तुमची खाकी पँट इस्त्रीला काढताना."

म्हणजे ती घेऊ शकली असती. सही आईकडून करून घेऊ शकली असती. तिनं ते बघितलं आणि परत कपड्यांखाली ठेवून दिलं. बापूसोंना ती एकोणीस वर्षांची दिसली, ट्रंकेसमोर उकिडवी बसलेली, हातात घडी. "बोलली न्हाईस कधी." "तुम्ही पण बोलला नाहीत." "भ्यालतो," बापूसो म्हणाले. आयुष्यात हा शब्द त्यांनी मोठ्यानं उच्चारला नव्हता, त्रिशलाजवळसुद्धा नाही. तो बाहेर पडला आणि शिडाच्या फडफडीत मिसळून गेला, त्याचं काही वजन झालं नाही. "लई भ्यालतो. तुला समजंल असं सांगता आलं न्हाय मला." आदितीनं तिसरी गाठ आवळली. त्यांची राहून गेलेली गाठही मारली. मग म्हणाली, "मला वाटायचं तुमचा माझ्यावर विश्वास नाही." "तुझ्यावर व्हता," ते म्हणाले. "पाण्यावर न्हवता, वाऱ्यावर न्हवता, माज्यावर बी न्हवता." तिनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण सगळा चेहराच ओला होता. ती काहीतरी बोलणार होती तेवढ्यात तिची नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडं गेली. "आण्णा, पाय तळाच्या पट्ट्यात अडकवा," ती म्हणाली. "आला."

पाणी काळं होत पळत येत होतं. पलीकडच्या काठावर झाडं एकाच वेळी वाकली. मग तो पोचला. बापूसोंच्या ओल्या शर्टात घुसला, कानांत घोंगावला, दोरी हातातून ओढू लागला, आणि होडी एकदम आडवी व्हायला लागली. "मागं झुका," आदिती म्हणाली, आणि ते झुकले, पाय पट्ट्यात, पाठ पाण्यावर, काठाच्या बाहेर सगळं अंग. वाऱ्याचा तो पहिला दणका कमी व्हायच्या ऐवजी वाढला. होडीचा काठ वर वर येत चालला. त्यांच्या मुठी आपोआप आवळल्या. एकतीस वर्षांच्या मुठी. दोरी तळव्यात रुतली. "सोडा," आदिती म्हणाली, ओरडून नाही, मोठ्यानं. त्यांनी बोटं उघडली. दोरी सर्रकन निघून गेली, लहान शीड फडाडलं, नाळ वाऱ्याकडं वळली, आणि होडी, कुणीतरी पाठीवरून हात फिरवावा तशी, खाली बसली. सरळ झाली. "आता घ्या परत, हळू." त्यांनी दोरी ओढली. वारा भरला. झोत आला, सोडली. गेला, ओढली. दोघं एकाच वेळी मागं झुकत होते आणि एकाच वेळी आत येत होते. दोन होड्या पुढं पालथ्या झालेल्या दिसल्या, नारिंगी जाकिटं त्यांना धरून तरंगत होती, गुरुसिद्ध मोटार लावून तिकडं चालले होते, आणि जाता जाता त्यांनी हात वर करून सगळ्यांना परत फिरायची खूण केली. शर्यत संपली होती.

परत फिरायचं म्हणजे वारा पाठीवर घ्यायचा. आदिती म्हणाली, "सरळ मागं वळलो तर ही आडवी काठी डोक्यावरून फाडकन फिरेल, एवढ्या वाऱ्यात होडी उलटते. लांबचा वळसा घेऊ. वाऱ्याच्या तोंडावरून." "लांबचाच घ्यायचा," बापूसो म्हणाले. त्यांना त्या वेळी आपली पोरगी फार आवडली. असं वळण ओळखणारे ड्रायव्हर त्यांनी सगळ्या डेपोत तीन-चारच बघितले होते. तिनं वळसा घेतला, वारा तिरका पाठीमागं आला, आणि मग जे झालं त्याला बापूसोंकडं शब्द नव्हता. होडीनं नाळ उचलली. खालून येणारा खळखळाट बंद झाला, त्या जागी एक बारीक सरळ शीळ आली, दोन्ही बाजूंना पाण्याचे पंखे उडू लागले, आणि होडी पाण्यावर नव्हतीच, पाण्याच्या कातडीवरून नुसती सरकत होती. बापूसोंच्या डोळ्यांत वाऱ्यानं पाणी आलं. डोंगर, काठ, झाडं सगळं मागं पळत होतं. एवढ्या वेगात असताना त्यांनी आयुष्यात कधी आजूबाजूला बघितलं नव्हतं, वेग असला की पुढचे पन्नास फूट बघायचे. आता ते सगळीकडं बघत होते. समोर काहीही दिसत नव्हतं, दरी नाही, कठडा नाही. फक्त जे होतं ते दिसत होतं. भीती कुठंतरी होती, नाही असं नाही, पण ती मागच्या सीटवर बसलेल्या पॅसेंजरसारखी होती, फणसाची पिशवी घेऊन, आणि तिला झोप लागत होती. "घाबरलाय का?" मागून आदितीनं विचारलं. "अजून पळती का ही?" बापूसोंनी विचारलं. आदितीनं शीड दोन बोटं आत घेतलं आणि ती पळाली.

काठावर होडी ओढून घेतल्यावर गुरुसिद्ध भिजल्या अंगानं आले. पालथ्या झालेल्या चौघांना त्यांनी आणून सोडलं होतं, सगळी धडधाकट होती, गाडीच्या आडोशाला चहा पीत होती. बांधलेल्या शिडाकडं बघत गुरुसिद्धांनी आदितीला विचारलं, "तू वाऱ्याच्या आधीच कसं बांधलीस गं? मला बी दिसलं न्हाई." "आण्णांनी सांगितलं," आदिती म्हणाली. गुरुसिद्ध वळले आणि बापूसोंना आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "पावणं, म्होरच्या रविवारी बी या की. तुमी होडीत न्हाई बसला तरी चालतंय, नुसतं काठावर उभा राहून डोंगराकडं बघा." बापूसो म्हणाले, "होडीत बसणार. बसून बी दिसतोय डोंगर."

सहाच्या सुमाराला ते फुलेवाडीत पोचले. आदिती अंघोळीला गेली. बापूसो त्रिशलाला शोधत गच्चीवर गेले, ती वाळलेले कपडे काढत होती. वारा गच्चीवर होता. रोज संध्याकाळी असायचाच, पण हाच घाटावरून इथवर येतो हे माहीत असूनही त्यांनी त्याला कधी घरचा म्हणून ओळखलं नव्हतं. त्रिशलानं त्यांचा उन्हानं तांबडा झालेला चेहरा आणि चिखलानं भरलेली पँट बघितली. "कशानं भिजला एवढं?" "उलटलो," बापूसो म्हणाले. तिच्या हातातला ब्लाउज दोरीवरच राहिला. "तीनदा," ते म्हणाले, आणि त्यांना सांगायचं होतं, सगळं, चिखल, घारी, गाठी, तोंडातून निघालेला तो शब्द, पण सुरुवात कुठून करायची ते सुचेना. म्हणून त्यांनी दोरीवरची मोठी सोलापुरी चादर काढली, तिची दोन टोकं त्रिशलाच्या दोन्ही हातांत दिली आणि दुसरी दोन स्वतः धरून वाऱ्याकडं तोंड केलं. चादर एकदम फुगली. त्रिशला दोन पावलं ओढली गेली. "अगं बाई," ती म्हणाली. "हा असा भरतोय," बापूसो सांगू लागले, "आणि लई झाला की एक टोक सोडायचं, मग बघ कसा निघून जातोय. सोड."

"सोडू कशी? नवी हाय चादर. शेजारच्यांच्या टाकीवर जाईल."

"आगं सोड, काय हुत न्हाय."

"न्हाय सोडणार," त्रिशला म्हणाली, आणि तिनं टोकं मनगटाला गुंडाळली.

वाऱ्याचा झोत आला. तिचा पदर उडाला, केस सुटले, पायांतल्या चपला फरशीवर घासत सरकल्या, आणि ती हसत होती, छप्पन्न वर्षांची त्रिशला, दात दिसेपर्यंत. "मग मागं झुक," बापूसो म्हणाले, "सगळं अंग मागं टाक." ती झुकली. तेही झुकले. आदिती केस पुसत जिन्यातून वर आली आणि दारातच थांबली. गच्चीच्या मध्यभागी दोघं चादर धरून पाठमोरी आभाळावर रेलली होती. तिनं टॉवेल कठड्यावर टाकला, त्रिशलाच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, गुडघे थोडे वाकव. आणि मला एक टोक दे."